रविवारचा अभिजात वर्ग : व्याकरणाला पैकीच्या पैकी, व्यक्तिरेखा काठावर पास

फी ३,००० रुपये, १२ रविवार, सकाळी १० ते १२.३०. जागा सांगलीत, गावभागात, एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर. जाहिरातीत लिहिलं होतं, 'अभिजात साहित्य : आशय, व्यक्तिरेखा, व्याकरण'. वर्गाचं नाव लिहीत नाही. पुढे दोन-तीन तक्रारी आहेत, आणि शिकवणारी माणसं मला भाजी घेतानासुद्धा भेटतात.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून असले वर्ग पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवलेत. त्यामुळे मीही आधी जरा नाक मुरडलं होतं. गेले ते अण्णांमुळे. माझे वडील, वय ८१. त्यांची ज्ञानेश्वरीची पोथी २०१९ च्या पुरात भिजली. पाणी ओसरल्यावर आम्ही एकेक पान वर्तमानपत्रात दाबून वाळवलं. अक्षरं राहिली, पण पानभर चिखलाचे बारीक ठिपके बसले. अण्णा भिंग लावून वाचतात आणि मध्येच मला हाक मारतात, "अगं, हा ठिपका चिखलाचा का माउलींचा?" म्हणजे हा अनुस्वार आहे की नुसता डाग. मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक आहे, २३ वर्षं मराठी टाइप करतेय, आणि मला एकदाही छातीठोक उत्तर देता आलं नाही. ठिपका असला काय नि नसला काय, असंच मी धरून चालले होते. १९६२ पासून आपण न उच्चारलेले अनुस्वार देतच नाही. शाळेत मला ते कुणी शिकवलेच नव्हते.

पहिल्या रविवारी १९ जण होतो. दोन-तीन पोरं स्पर्धा परीक्षेची, एक मेडिकलवाले, एक निवृत्त शिक्षिका काकू, मिरजेकडचा एक कीर्तन शिकणारा मुलगा, बाकी असेच हौशी. शेवटी ११ उरलो. स्पर्धा परीक्षेची पोरं तिसऱ्याच रविवारी गेली. त्यांना एका ओळीत प्रश्न, एका ओळीत उत्तर हवं होतं आणि मॅडमनी दोन तासांत एकच ओवी घेतली होती.

या मॅडम म्हणजे वर्गाचं खरं दुकान. साठीच्या पुढच्या, निवृत्त प्राध्यापिका, हातात पांढरा खडू, बाकी काही नाही. पडदा नाही, प्रोजेक्टर नाही. पहिले पाच रविवार ज्ञानेश्वरी. आल्या आल्या त्यांनी फळ्यावर लिहिलं,

आतां विश्वात्मकें देवें । येणें वाग्यज्ञें तोषावें ।
तोषोनि मज द्यावें । पसायदान हें ॥

आणि विचारलं, "यात कर्ता कोण?"

पसायदान वर्गातल्या सगळ्यांना पाठ. अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडच्या नऊ ओव्या, शाळेत रोज प्रार्थनेला म्हटलेल्या. उत्तर मात्र कुणाला येईना. मेडिकलवाले म्हणाले, "मॅडम, 'येणे' म्हणजे देवाचं येणे ना? देवाने यावं, असं?" सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "यांचं चुकलं नाही, यांच्या हातातल्या कागदाचं चुकलंय." आम्हाला दिलेल्या पुस्तिकेत ओवी छापली होती ती अशी : 'आता विश्वात्मके देवे, येणे वाग्यज्ञे तोषावे'. सगळे ठिपके झाडून टाकलेले. मग 'येणे' वाचणारा माणूस 'जाणे-येणे'मधलंच येणे वाचणार. 'येणें' म्हणजे 'याने', ह्या वाणीच्या यज्ञाने. 'देवें' म्हणजे देवाने. तृतीया विभक्ती. आज आपण 'ने' लावतो, ते काम तेव्हा एक मात्रा आणि एक ठिपका करत होता.

इथे माझ्या डोक्यात काहीतरी खट्कन बसलं. कारण हे वाक्य मी रोज टाइप करते. 'तरी मे. कोर्टाने अर्जदारास जामिनावर मुक्त करावे ही विनंती.' मे. कोर्टाने करावे. विश्वात्मकें देवें द्यावें. रचना हीच! तृतीयेतला कर्ता, पुढे विध्यर्थ, म्हणजे 'करावे', 'द्यावें' असं रूप. आणि 'तोषोनि मज द्यावें' म्हणजे आमच्या अर्जांतलं 'मंजूर होऊन मिळावे'. आधी एक क्रिया पुरी व्हायची, मग दुसरी. मी हात वर करून हे सांगितलं तेव्हा मॅडमनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "ताई, पसायदान हा अर्जच आहे. फक्त अर्जदार स्वतःसाठी काय मागतोय ते पुढे बघा."

पुढे बघितलं, तर पुढच्याच ओवीत दुसरा धक्का.

जे खळांची व्यंकटी सांडो । तयां सत्कर्मीं रती वाढो ।
भूतां परस्परें पडो । मैत्र जीवाचें ॥

यातलं पहिलं वाक्य बघा. 'सांडो'चा कर्ता खळ, म्हणजे दुष्ट माणसं, नाहीत, व्यंकटी आहे. खळांचा वाकडेपणा गळून जावो. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर या वाक्यात आरोपीला शिक्षा नाही. गुन्ह्यालाच सांगितलंय, तू सुट. आणि मग दुसरा चरण. पुस्तिकेत छापलं होतं, 'तया सत्कर्मी रती वाढो'. ठिपके नाहीत. कीर्तन शिकणाऱ्या मुलाने तेच मोठ्याने वाचलं आणि अर्थ सांगितला, "त्या सत्कर्मी माणसाला भक्तीची आवड वाढो." ऐकायला झकास. पण 'तया' म्हणजे त्याला, एकट्याला; 'तयां' म्हणजे त्यांना, अनेकांना. 'सत्कर्मी' म्हणजे चांगलं काम करणारा. 'सत्कर्मीं' म्हणजे चांगल्या कामात, सप्तमी. ठिपके ठेवले की अर्थ होतो, त्यांना, म्हणजे त्या खळांनाच, चांगल्या कामाची गोडी लागो. ठिपके काढले की खळ वाक्यातून हद्दपार आणि त्यांच्या जागी कुणी एक आधीच चांगला असलेला माणूस येऊन बसतो. चांगल्याचं चांगलं होवो असं मागायला माउली कशाला हवेत?

दोन ठिपके. मी त्या दिवशी घरी गेले आणि अण्णांच्या पोथीत ते पान उघडलं. 'तयां'वरचा ठिपका अगदी गोल होता, शाईचा. शेजारी 'रती'वर आणखी एक होता, तो कडेला पसरलेला, तांबूस. मी अण्णांना सांगितलं, "हा माउलींचा, हा कृष्णेचा." अण्णा म्हणाले, "ठीक." एवढंच. पण मग जेवण होईपर्यंत भिंग खाली ठेवलं नाही.

वर्गाच्या मालकांना एक विचारायचं आहे. १९६२ च्या ज्या नियमांनी अनुस्वार गेले, त्याच शुद्धलेखनाच्या नियमांच्या यादीत हेही आहे की केशवसुतांच्या आधीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य छापताना मुळाप्रमाणे छापावं. मग १२९० सालच्या ओवीला २०२५ सालची हजामत कशासाठी? खाली छापखाना आहे तुमच्या, साक्षात पायाखाली! त्या पुस्तिकेचे १५० रुपये वेगळे घेतले आमच्याकडून. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावून ठेवलं की या पाठात जो आपली ओवी घुसडेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा. ओवी घुसडणाऱ्याला नरोटी, तर ठिपके काढणाऱ्याला काय म्हणायचं? मॅडमनी दुसऱ्या रविवारपासून पुस्तिका बंद करायला लावल्या आणि ओव्या फळ्यावरून उतरवून घ्यायला लावल्या. हात दुखले, पण बरंच झालं. टाइप करणाऱ्या बाईला हाताने लिहायची सवय राहिलेली नसते.

'चला कल्पतरूंचे आरव' हे मी जन्मभर 'चला रे, जाऊ या' असं समजून म्हणत आले होते. तुम्हीही म्हणत असाल. इथे 'चला' हे क्रियापद नाही, विशेषण आहे : चालते-फिरते. कल्पतरूंच्या चालत्या बागा. तशीच पुढची 'चेतना', म्हणजे सजीव असं चिंतामणींचं गाव. एका जागी उभं राहणारं झाड नको, आपल्या दारी चालत येणारं हवं, कारण आधीच्या ओवीत सज्जनांचा मेळा 'भेटतु भूतां' म्हटलंय. त्याने भेटायचं आहे, आपण शोधत जायचं नाही. शब्दाची जात बदलली की सगळं चित्र हलतं ते असं.

आणि 'पाहो'. 'विश्व स्वधर्मसूर्यें पाहो.' आम्ही सगळे 'विश्व बघो' असं म्हणालो. मॅडम म्हणाल्या, पाहणे म्हणजे उजाडणेसुद्धा. पहाट तिथलीच. आधीचा चरण बघा, दुरितांचें तिमिर जावो. अंधार गेल्यावर काय होतं? बघितलं जात नाही, उजाडतं. निवृत्त शिक्षिका काकूंनी यावर वाद घातला, सूर्याच्या उजेडात जग बघेल हाही अर्थ लागतोच की, तिथे 'सूर्यें' तृतीया आहे. मॅडमनी मान्य केलं की लागतो. १५ मिनिटं दोघी भांडल्या. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

ज्ञानेश्वरीच्याच एका रविवारी पहिल्या अध्यायातला अर्जुन घेतला. जाहिरातीतली 'व्यक्तिरेखा' मला खऱ्या अर्थाने मिळाली ती इथे, आणि तीही व्याकरणाच्या बाईंकडून. रणात उभा राहिलेला योद्धा नातेवाईक बघून विरघळतो, त्यासाठी ज्ञानेश्वर भुंग्याचा दृष्टान्त देतात. कोरडं लाकूड सहज पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत मात्र अडकतो. 'तेथ उत्तीर्ण होईल प्राणें । परि तें कमळदळ चिरूं नेणें । तैसें कठिण कोवळेपणें । स्नेह देखा ॥' मॅडमनी 'चिरूं नेणें'वर बोट ठेवलं. 'चिरत नाही' नाही, 'चिरू शकत नाही' नाही. नेणे म्हणजे न जाणे. चिरायचं कसं हे त्याला ठाऊकच नाही. ज्याला लाकूड पोखरता येतं त्याला पाकळी चिरता येत नाही असं नाही. तो ती क्रियाच जाणत नाही. अर्जुन भित्रा आहे का, या प्रश्नाचं उत्तर त्या एका क्रियापदात आहे. मग 'कठिण कोवळेपणें', परत तृतीया : कोवळेपणामुळे कठीण. मी वहीत त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या आहेत.

लीळाचरित्राला दोनच रविवार होते, कमी पडले. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी, ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडे जाऊन जमवल्या, तेराव्या शतकाच्या शेवटी, हे ठाऊक होतं. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे त्या कामाचं गाव. पण मजकूर डोळ्यांखालून गेला तेव्हा मला आमच्या कोर्टाचं साक्षीचं पानच दिसलं. 'सर्वज्ञें म्हणितलें', सर्वज्ञ म्हणजे चक्रधर, मग ते काय म्हणाले ते. दुसरा कोण काय म्हणाला ते. प्रत्येक वाक्याला बोलणाऱ्याचं नाव तृतीयेत टाचलेलं. प्रसंगाची आठवण दोघांची वेगळी असेल तर पाठभेदही ठेवलेले, एकाची खरी धरून दुसऱ्याची खोडलेली नाही. ऐकीव पुरावा आमच्याकडे चालत नाही, पण असा ऐकीव पुरावा कुणी नोंदवला असता तर मी त्याला माझी खुर्ची दिली असती.

त्याच दिवशी एक लहान गोष्ट झाली ती इथे लिहिते, कारण तिचा मला अजून राग येतो, स्वतःचाच. फळ्यावर सर्वनामांची रूपं होती. 'मी'ची तृतीया : 'म्यां'. म्यां म्हणितलें, म्यां केलें. मॅडम म्हणाल्या, हे रूप प्रमाण मराठीतून गेलं. मी मनात म्हटलं, कुठे गेलं? जतहून, कवठेमहांकाळहून साक्षीला येणारी माणसं पिंजऱ्यात उभं राहून हेच बोलतात. "साहेब, म्या बगितलं न्हाई." आणि २३ वर्षं मी ते 'मी पाहिले नाही' असं करून टाकते. साहेब तसंच सांगतात, मी तसंच घेते, उलटतपासात वकील तसंच वाचून दाखवतात. ज्याला आम्ही अशुद्ध समजून दुरुस्त करत होतो ते सातशे वर्षं जुनं शुद्ध रूप होतं. सोमवारी कामावर गेले आणि पहिल्याच साक्षीदाराने "म्या" म्हटलं. मी 'मी' टाइप केलं. नियम नियम आहे.

आता तक्रारीचा भाग. आठव्या रविवारपासून मॅडम गेल्या आणि दुसरे सर आले. तीन रविवार राम गणेश गडकऱ्यांचं नाटक 'एकच प्याला', उरलेले दोन उजळणी आणि चाचणी. सर आले ते पडदा घेऊन. माणूस मनमिळाऊ, आवाज खणखणीत, नाटकाचं वेड खरंखुरं. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला वारले आणि जेमतेम महिन्याभरात, २० फेब्रुवारीला, बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने पहिला प्रयोग केला. पदं गडकऱ्यांना लिहिता आली नाहीत म्हणून ती वि. सी. गुर्जरांनी लिहिली, नायक सुधाकरची बायको सिंधू झाले बालगंधर्व. हे सगळं सरांनी असं रंगवून सांगितलं की काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. विष्णुदास भाव्यांच्या सांगलीत नाटकावर बोलायला उभं राहायचं म्हणजे सोपं नाही, सर उभे राहिले.

पण मग पडद्यावर आलं, 'सिंधूची स्वभाववैशिष्ट्ये : १) सोशिक २) त्यागी ३) पतिव्रता ४) प्रेमळ'. पुढच्या पडद्यावर सुधाकर. पुढच्यावर तळीराम. आणि आशय म्हणून एक ओळ : 'मद्यपानाचे दुष्परिणाम'. दहावीचं गाइड! ३,००० रुपये भरून मी इथे आले ते काय मार्कांसाठी?

माझा मुद्दा असा होता. सुधाकर वकील आहे. तळीराम त्याचा कारकून. हे नाटक सुरू होतं आमच्या कोर्टात. मुन्सफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी, खटका उडतो, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, काही काळासाठी जाते, आणि त्या अपमानावर औषध म्हणून तळीराम पहिला प्याला पुढे करतो. दारू ही दुसरी गोष्ट आहे, पहिली आहे मान. भर कोर्टात, कनिष्ठ वकिलांच्या, कारकुनांच्या, पक्षकाराच्या समोर साहेबांनी एखाद्या हुशार वकिलाला सुनावलं की त्याच्या कानाच्या पाळ्या कशा लाल होतात हे मी माझ्या खुर्चीवरून अनेकदा बघितलंय. त्याच्या मागे उभा असलेला कारकून तेव्हा कुठे बघतो तेही बघितलंय. मी हे बोलले. सर म्हणाले, "छान निरीक्षण आहे," आणि पुढचा पडदा लावला.

दुसरा मुद्दा जास्त जिव्हाळ्याचा. शेवटी सुधाकरच्या हातून बाळ जातं, सिंधू जखमी होते, आणि मरायला टेकलेली ती फौजदारापुढे नवऱ्याला वाचवणारं खोटं सांगते, दोष स्वतःच्या पडण्यावर घेते. सरांच्या यादीत हे 'त्यागी'खाली गेलं. पण आम्ही याला मृत्युपूर्व जबानी म्हणतो. पूर्वी पुरावा कायद्याचं ३२ वं कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं २६ वं आहे. मरणारा माणूस खोटं बोलत नाही, हा त्यामागचा समज. मी अशा जबान्या वाचून टाइप केल्या आहेत. त्यांतली क्रियापदं माझ्या लक्षात राहिली आहेत. पडले. घसरले. भाजले. पदर पेटला, स्टोव्हचा भडका उडाला. सगळी अकर्मक. पडणे आणि पाडणे, पेटणे आणि पेटवणे यांत एक काना किंवा एक अक्षर असतं, आणि त्या अक्षराबरोबर वाक्यात एक माणूस येतो, 'ने' लावून. बाई ते अक्षर गिळते, आणि माणूस वाक्याबाहेर सुखरूप उभा राहतो. सिंधू नेमकं हेच करते. मॅडमनी सात रविवार 'देवें', 'सर्वज्ञें', 'म्यां' घोटून घेऊन आम्हाला जे शिकवलं, की कर्त्याला वाक्यात हजर करायचं की नाही हे सगळ्यात मोठं आहे, ते इथे लावायचं होतं. सिंधूचं सगळं चारित्र्य, आणि तिच्यावरचा सगळा अन्याय, त्या एका अकर्मक क्रियापदात आहे. तिला 'सोशिक' म्हणून यादीत टाकणं म्हणजे तिची जबानी जशीच्या तशी खरी धरून फाइल बंद करणं.

मी एवढं सगळं बोलले नाही. अर्धंच बोलले. सर हसून म्हणाले, "व्याकरणाचा भाग आपला झाला ना ताई, आता जरा रसास्वाद घेऊ." मेडिकलवाल्यांनी मागून हळूच म्हटलं, "औषध आणि डोस वेगळ्या दुकानात मिळतात वाटतं." मला ते पटलं. वर्गाची चूक सरांची नाहीच म्हणा. ज्यांनी जाहिरातीत आशय, व्यक्तिरेखा, व्याकरण असे तीन डबे लावले, त्यांची आहे. दोघं शिकवणारे एकदा चहाला एकत्र बसले असते तरी पुष्कळ झालं असतं.

बाकी सोयी. जिना अरुंद आणि उभा, अण्णांना घेऊन जाण्याचा विचार पहिल्या दिवशीच सोडला. गाड्या लावायला जागा नाही, रविवारी छापखान्याचं शटर बंद असतं त्याच्यापुढे लावता येते, पण दहाच्या आत पोचलात तर. चहा मधल्या सुट्टीत मिळतो, फीमध्ये धरलेला, बरा असतो. पंखा एकच आणि तो मॅडमच्या डोक्यावर. हुकलेल्या तासाचं ध्वनिमुद्रण देऊ असं सांगितलं होतं. मला लेकीच्या परीक्षेमुळे एक तास बुडवावा लागला, त्याचं मुद्रण मागितलं तर तीन आठवड्यांनी आलं, आणि त्यात सव्वादोन तास तो पंखाच ऐकू येतो. मधूनच मॅडम लांबून 'भजिजो' म्हणतात. जे लोक तिसऱ्या रविवारी सोडून गेले त्यांनी उरलेली फी मागितली, मिळाली नाही. पावतीवर मागे बारीक अक्षरात तसं लिहिलेलं आहे हे खरं. पावती घेताना मागची बाजू वाचा, हा आमच्या धंद्यातला सल्ला.

शेवटच्या रविवारची चाचणी म्हणजे २० पर्यायी प्रश्न. 'सिंधूचा प्रमुख गुण कोणता?' याला चार पर्याय होते. मी पाचवा लिहून आले, 'अकर्मक'. मार्क मिळाला नाही.

मला कुणी विचारलं, जाऊ का, तर मी जा म्हणेन, पण पहिले सात रविवार. वर्गवाले अर्धी फी घेत नाहीत, तरी विचारून बघा. मी विचारलंय, अजून उत्तर नाही. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे आणि तेव्हा मॅडम लीळाचरित्राला चार रविवार देणार आहेत असं काकूंकडून कळलं. तसं असेल तर मी परत नाव घालणार. जाताना पुस्तिका विकत घेऊ नका. घरात आजी-आजोबांची पोथी असेल तीच न्या, कितीही जुनी, मळकी असली तरी. शिसपेन्सिल न्या, पेन नको. आणि खिडकीपासून दूर बसा, रविवारी अकराच्या सुमाराला समोरच्या गिरणीत मिरची दळायला घेतात.